जिप्सीचा घरी वेल्ड केलेला मागचा शाफ्ट: नऊ महिन्यांनंतर

परवा कुळागरातून (बागेतून) नारळ भरून येताना व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठावरच्या चिऱ्यावर गाडी टेकली आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टच्या टोकाला जो क्रॉस, म्हणजे कोनात वळणारा सांधा असतो, त्याचा ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) मुळापासून तुटला. शाफ्ट उतरवावाच लागला. नऊ महिने आणि ६,२०० किलोमीटरनंतर तो पहिल्यांदाच हातात आला, म्हणून डिझेलने धुऊन, नीट पारखून मग हे लिहायला बसलो.

मागची गोष्ट थोडक्यात. स्प्रिंगच्या पाट्या चासीला टांगणारे शॅकल लांब करून गाडी २ इंच उचलली, तेव्हा मूळ शाफ्ट आखूड पडायला लागला. शहरातल्या एका दुकानाने तो ९,५०० रुपयांत लांब करून दिला आणि १९व्या दिवशी तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या अंजुणे धरणाच्या वर चढावर तुटला. बघतो तर मूळ नळी मधोमध कापून तुकडा जोडलेला, आणि दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एकमेकांपासून बोटभर फिरलेले. दुकानदार म्हणाला, "गाडी डोंगरात घातली तर आम्ही काय करणार?" अहो, डोंगरात घालायचीच म्हणून तर शाफ्ट करून घेतला! पैसे परत मिळाले नाहीत. सत्तरीत राहणाऱ्याची गाडी डोंगरात जाणार नाही तर कुठे जाणार, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

योक फिरलेले असण्याचं महत्त्व ज्यांना वाटत नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रॉस कोनात फिरला की त्याच्या पुढची बाजू प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेते आणि दोनदा मंदावते. २० अंशांच्या कोनाला हा चढउतार प्रत्येक बाजूला ६ टक्क्यांच्या आसपास जातो. मागचा क्रॉस तोच चढउतार उलटा करून मिटवतो, पण नळीच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील तरच. नाहीतर धक्के एकमेकांत मिसळून वाढतात आणि शेवटी वेल्ड सोडवतात.

दुसऱ्यांदा पैसे घालवायची इच्छा नव्हती. साखळी शहराजवळच्या एका लेथवाल्या मेस्तांकडे गेलो. खाणी जोरात होत्या तेव्हा टिपरचे प्रोपेलर शाफ्ट त्यांच्याकडे रांगेत पडलेले असायचे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या आणि ते काम आटलं, पण हात तोच आहे. त्यांनी तुटक्या शाफ्टचे योक लेथवर जुन्या वेल्डपासून सोडवले, ३ मिमी जाडीची नवी सीमलेस नळी अख्खी कापली आणि योकचा गळा नळीत ठोकून बसेल असा घट्ट ठेवला. जोड मारायचा तर नळीच्या पोटात कधीच नाही, फक्त योकवर. लांबी मोजताना गाडी चारही चाकांवर उभी होती. जॅकवर घेतलेलं माप खोटं असतं.

वेल्डिंग मी घरी केलं, इन्व्हर्टर मशीनवर, ७०१८ रॉड, २.५ मिमी, ८० अँपिअर. ऑगस्ट महिना, बाहेर धो धो पाऊस. पहिला सराव मेस्तांनी बघितला आणि दोन मिनिटांत मशीन बंद केलं. "रॉड ओले आसात मरे, आवाज आयकना तूं?" खरंच, कढईत पाणी पडल्यासारखी तडतड होती. ७०१८च्या लेपाने हवेतली ओल धरली की तोच हायड्रोजन वेल्डमध्ये उतरतो आणि नंतर, कधीकधी दुसऱ्या दिवशी, तडा जातो. रॉड भट्टीत तापवून सुकवायचे असतात, आणि घरच्या ओव्हनला तेवढी उष्णता नसते. शेवटी आमच्या वाड्यावरच्या पोदेराकडे (पाववाल्याकडे) गेलो. सकाळचे पाव काढून झाल्यावर त्याने रॉड झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून भट्टीत सारले. इन्फ्रारेड बंदूक लावली तर डब्यावर २८० अंश. तासाभराने गोणपाटात गुंडाळून धावत घरी. त्या रॉडने पहिला टाका मारला आणि आवाजच बदलला: एकसारखी, मऊ सरसर, आणि स्लॅग आपोआप सोलून उभी राहिली. या सगळ्या उपद्व्यापातला सगळ्यात मोठा आनंद तो होता.

बाकीचं भराभर सांगतो. क्रॉस आधी काढून ठेवले आणि अर्थ क्लॅम्प नळीवरच लावला, कारण करंट बेअरिंगच्या सुयांमधून गेला तर क्रॉस तिथेच संपतो. समोरासमोर चार टॅक (छोटे टाके), मग शाफ्ट व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजने वाकडेपणा मोजला. ०.८ मिमी वाकडा होता. फुगीर बाजूला गॅसने एक ठिपका तापवून थंड होऊ दिला, की ती बाजू आखडते. असं तीनदा केल्यावर ०.२५ वर आला. पूर्ण वेल्ड पाव-पाव भागात, समोरासमोर. पाणी ओतून थंड करायचं नाही. शाफ्टखाली ५ मिमी पट्टीची कडी लावली, म्हणजे पुढचं टोक सुटलं तरी शाफ्ट जमिनीत रुतून गाडी उलथणार नाही.

खर्च: नळी १,४००, दोन क्रॉस १,५००, लेथ १,२००, रॉड ४५०. एकूण ४,५५० रुपये. दुकानाच्या निम्म्याहून कमी.

आता निप्पल. क्रॉस बसवताना घाईत मी पुढचा निप्पल एका बाजूला आणि मागचा त्याच्या बरोबर उलट बाजूला ठेवला. स्लीव्हचा (दातांवर आत-बाहेर सरकणाऱ्या तुकड्याचा) निप्पल तिसरीकडेच. त्यामुळे गेले नऊ महिने प्रत्येक वेळी ग्रीस मारताना गाडीखालून बाहेर यायचं, चाकाचे दगड काढायचे, गाडी वीतभर ढकलायची, दगड लावायचे, परत खाली सरपटायचं. पावसात व्हाळ ओलांडला की दर आठवड्याला ग्रीस लागतंच, कारण सीलमधून पाणी आत जातं. म्हणजे दर आठवड्याला दोनदा चिखलात. तुम्ही तिन्ही निप्पल एका रेषेत ठेवा. स्लीव्ह कुठल्या दातावर बसते आणि तिचा निप्पल कुठे येतो ते टॅक मारायच्या आधी बघा, कारण नंतर ते हवं तिथे नेता येत नाही. नवे क्रॉस घेताना निप्पलचं तोंड नळीकडे येईल असे बसवा; फ्लँजकडे (जोडाच्या चकतीकडे) गेलं तर उचललेल्या गाडीत ग्रीस गनचं नाक पोचत नाही. कोणीच हे सांगत नाही. वेल्डचे फोटो सगळे दाखवतात, निप्पलचा एकही नाही.

चालवण्याबद्दल: चोर्ला घाट, सुर्ल, काजूच्या दिवसांत बोंडूंचे क्रेट भरून दगडी वाट, कुठेही शाफ्टने दगा दिला नाही. फक्त ५५च्या वेगाला गाडीच्या फरशीत थरथर येते. तोल साधायला नळीवर दोन होज क्लिपा लावून फिरवत बसलो, थोडी कमी झाली. बॅलन्सिंग मशीनवर न नेल्याचा हा दोष आहे आणि तेवढ्यापुरता घरगुती शाफ्ट कमीच पडतो, असं माझं मत.

वरचं रविवारी लिहिलं. आज बुधवार, आणि ते मत बदलावं लागतंय.

शाफ्ट परत चढवायच्या आधी फोनवरच्या कोनमापकाने कोन मोजले. ट्रान्सफर केसकडे (पुढच्या टोकाला) ११ अंश, पिनियनकडे (मागच्या टोकाला) फक्त ७; दोन्ही कोन सारखे नसले की मागचा क्रॉस पुढच्याचा चढउतार पुरता मिटवू शकत नाही. लांब शॅकलने पिनियनचं तोंड फिरवलं होतं आणि मी नऊ महिने क्लिपा फिरवत होतो. अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ३ अंशांची लोखंडी पाचर घातली. आता ११ आणि १०. म्हापशाच्या रस्त्यावर ५५, ६०, ७० ला नेऊन बघितली, थरथर नाहीशी म्हणावी इतकी कमी. क्लिपा काढून टाकल्या, तरीही तेच. शाफ्टचा दोष नव्हता.

दुसरी गोष्ट मात्र शाफ्टच्या विरोधात जाते. मेस्तांच्या आग्रहाने वेल्डवर डाय पेनिट्रंट (भेगा दाखवणारा रंग) मारलं. लाल रंग, पुसून वर पांढरी पावडर. मागच्या योकवर, जिथे मी रॉड संपवला होता त्या खळगीत, तांदळाच्या दाण्याएवढी लाल रेघ उमटली. बाकी पूर्ण वेल्ड पांढरा स्वच्छ. रॉड एकदम उचलला, खळगी भरली नाही, म्हणून ती भेग. ग्राइंडरने दोन मिमी खोल गेल्यावर रेघ संपली. पुन्हा पोदेराकडे डबा, पुन्हा तासभर, आणि या वेळी शेवटी रॉड थोडा मागे घेऊन खळगी भरून मगच उचलला. दुसऱ्या दिवशी परत रंग मारला, काही नाही.

नवे क्रॉस घालताना तिन्ही निप्पल एका रेषेत घेतले, नळीवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. काल संध्याकाळी गाडीखाली एकदाच गेलो, तिन्हींना ग्रीस मारलं, गाडी जागची हलवली नाही. चार मिनिटं लागली. पुढचा शाफ्टही मेस्तांकडे टाकला आहे; पाऊस सुरू व्हायच्या आत तो वेल्ड करायचा, आणि त्याच्या निप्पलची रेघ मी आधीच ओढून दिली आहे.