एसीएल फाटल्यावर: आधी ऑपरेशन की आधी फिजिओ?

मावसभाऊ ऐरोलीत राहतो, वाशीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, फुटबॉलमध्ये राइट विंगला, म्हणजे उजव्या कडेने, खेळतो. दोन आठवड्यांपूर्वी सरावात बॉल घेऊन आत वळताना त्याचा पाय टर्फमध्ये रुतला आणि अंग मात्र वळलं. कुणाचा धक्काही लागला नव्हता. ‘कट’ असा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला आणि घरी पोचेपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. एमआरआयचा रिपोर्ट स्पष्ट आहे: एसीएल (गुडघ्याच्या आतलं एक लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधणारा पट्टा) पूर्ण फाटलंय, मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी शाबूत. मावशीने लगेच मला फोन केला, कारण आमच्या नात्यात या विषयातला अनुभवी मीच. एकाच गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालीत.

मावशीने विचारलं, चांगला सर्जन कोण? भावाने विचारलं, दादा, विद्यापीठाच्या स्पर्धेपर्यंत होईल का? दोन्ही प्रश्न नंतरचे. त्याला फोनवर तुकड्यातुकड्याने जे सांगितलं, ते इथे सलग लिहितोय.

लगेच ऑपरेशन, की तीन महिने फिजिओ करून मग ठरवायचं?

एसीएल हे लिगामेंट गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवतं. जिने चढणं, सायकल, सरळ रेषेत धावणं एवढं त्याच्याशिवायही पुष्कळांना जमतं. पण एकदम थांबणं, वळणं, हेडर मारून एका पायावर उतरणं इथे त्याची खरी गरज, आणि फुटबॉलमध्ये दुसरं असतं काय? शिवाय गुडघा वारंवार सटकत राहिला तर दर वेळी गादी भरडली जाते. एसीएल नवं करता येतं, गादीचं तसं नाही. ऑपरेशनच्या बाजूने हा सगळ्यात वजनदार मुद्दा.

आता दुसरी बाजू. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली छापून आले. एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्या गटाला आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दुखणं, रोजची हालचाल, खेळणं यांत दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं, पाच वर्षांनी हा आकडा ३० झाला. म्हणजे साधारण निम्म्यांना टेबलावर जावंच लागलं नाही. मात्र हे वाचून हुरळून जायचं नाही. व्यावसायिक खेळाडू त्या चाचणीत घेतलेच नव्हते, आणि विंगरचं वळणं म्हणजे रविवारचं जॉगिंग नव्हे.

माझं मत असं. तिसऱ्या वर्षानंतर नोकरी बघायची असेल आणि फुटबॉल मित्रांपुरता उरणार असेल, तर तीन महिने मन लावून फिजिओ करा. गुडघा एकदाही सटकला नाही तर ऑपरेशनचा विषय काढू नका. पुढची चार-पाच वर्षं स्पर्धेचा फुटबॉल खेळायचाच असेल, तर ऑपरेशनकडे झुकणं मला पटतं. पण तेही सुजलेल्या गुडघ्यावर घाईने नको. सूज उतरलेली, पाय पूर्ण सरळ होतोय, मांडीचा स्नायू पुन्हा आवळता येतोय, असा गुडघा घेऊन आत गेलेला माणूस बाहेर आल्यावरही लवकर चालायला लागतो. माझ्या पहिल्या वेळी हे कुणी सांगितलं नाही. एमआरआय सोमवारी, ऑपरेशन शुक्रवारी.

अपवाद एकच लक्षात ठेवा. गुडघा अडकला असेल, म्हणजे काही केल्या सरळच होत नसेल, तर फाटलेली गादी मध्ये अडकलेली असू शकते. तिथे महिनोन्‌महिने थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

हॅमस्ट्रिंग की वाटीखालचा टेंडन?

ऑपरेशन ठरलं की सर्जन विचारतो (किंवा विचारत नाही, परस्पर ठरवतो) की नवं लिगामेंट कशाचं करायचं: मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूच्या टेंडनचं, की गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनचं (टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी). माझ्या एकाच पायात दोन्ही प्रकार होऊन गेलेत, त्यामुळे इथे मी जरा हक्काने बोलतो.

हॅमस्ट्रिंगच्या वेळी पुढच्या बाजूला त्रास कमी होता, दीड-दोन महिन्यांत मांडी घालून बसायला लागलो. पण मांडीची मागची बाजू पुढे कित्येक महिने कच्ची राहिली. साधी गोष्ट: उजव्या टाचेने डाव्या पायातला बूट ओढून काढताना उजव्या मांडीत मागे कळ यायची. विंगरचं धावणं त्याच स्नायूवर चालतं.

वाटीखालचा टेंडन घेताना त्याचा मधला पट्टा दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट काढतात. हाडाला हाड लवकर धरतं, आणि तरुण खेळाडूंमध्ये हा ग्राफ्ट, म्हणजे नवा बसवलेला टेंडन, पुन्हा तुटण्याचं प्रमाण हॅमस्ट्रिंगपेक्षा थोडं कमी दिसतं. बदल्यात काय द्यावं लागतं ते मला गणपतीत कळलं. गुडघे टेकून नमस्कार करायला गेलो आणि आरती संपेपर्यंत उठता येईना. आजही फरशीवर गुडघा टेकवत नाही. ज्याच्या घरात किंवा कामात जमिनीवरचं बसणं-उठणं जास्त, त्याने हा मुद्दा हलका समजू नये.

विंगरला मी तरीही वाटीखालचाच सुचवेन. हॅमस्ट्रिंगच घेणार असाल, तर त्याच ऑपरेशनमध्ये गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जादा आधाराची पट्टी शिवता येईल का, हे सर्जनला आधीच विचारा. २०२० साली आलेल्या ६१८ तरुण रुग्णांच्या अभ्यासात त्या पट्टीमुळे ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं होतं.

सहा महिने की नऊ?

हा तर माझ्या दुखऱ्या नसेचाच विषय. सप्टेंबर २०१७ मध्ये पहिलं ऑपरेशन झालं. २५ ऑक्टोबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपची सेमीफायनल होती, स्पेन विरुद्ध माली. कुबड्या नुकत्याच सुटल्या होत्या, ब्रेस (गुडघ्याला आधार देणारा पट्टा) लावून कठड्याला धरत एकेक पायरी चढलो. स्पेन ३-१ ने जिंकलं आणि परत येताना मला वाटलं, अरे, गुडघा तर एकदम ठीक आहे! ठीक नव्हताच. सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास आत बसवलेला टेंडन सगळ्यात कमजोर असतो, कारण शरीर त्याला मोडून नव्याने लिगामेंटसारखा घडवत असतं. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं.

मला ‘सहा महिन्यांत खेळशील’ असं सांगितलं होतं, मी साडेपाचव्या महिन्यातच उतरलो. गच्चीवरचा टर्फ, पाच-पाचची मॅच, विसावं मिनिट, तोच आवाज.

दुसऱ्या वेळी अकरा महिने थांबलो. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात असं दिसलं की नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितकं लांबवाल, तितकं दर महिन्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने उतरतं. पोरं लगेच स्वीडनच्या इब्राहिमोविचचं नाव काढतात, तो स्ट्रायकर गुडघा गेल्यावर सात महिन्यांत परत आला होता म्हणून. आला होता, खरंय. लिव्हरपूलचा बचावपटू व्हॅन डाइक ऑक्टोबर २०२० मध्ये एसीएल जाऊन जायबंदी झाला आणि जुलै २०२१ च्या शेवटी मैदानात दिसला, तेही सराव सामन्यात. त्या दोघांमागे दिवसभर राबणारी माणसं होती. आपल्याकडे ऑफिसवरून आलेले बाबा आणि एक रबर बँड.

कॅलेंडरपेक्षा मोजायचा टेप बरा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने रेघ मारायची आणि एका पायावर लांब उडी मारून त्याच पायावर उतरायचं. सातव्या महिन्यात माझा चांगला पाय १५८ सेंटिमीटर, ऑपरेशनचा १२१. म्हणजे जेमतेम ७७ टक्के. ९० टक्क्यांच्या खाली मैदान नाही, हा फिजिओचा नियम, आणि मांडीच्या ताकदीलाही तोच.

इतकं सगळं करूनही खात्री कुणी देत नाही. जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये काढलेला हिशेब असा: ऑपरेशननंतर ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परततात, स्पर्धेत परत उतरतात ते ५५ टक्के. भीती हेही त्यातलं एक मोठं कारण आहे. मी अजून उजवीकडे वळताना अर्धं पाऊल जास्त घेतो.

पैसे आणि प्रवास

मेडिक्लेम ऑपरेशनला चालतो. नंतरचा खर्च बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरचे साठ किंवा नव्वद दिवसच धरतात आणि फिजिओ तर नऊ महिने चालतं. आठवड्याला तीन वेळा धरलं तर शंभराच्या वर सिटिंग होतात. सर्जनची फी विचारता त्याच दिवशी हा गुणाकार करा. अंधेरीच्या नावाजलेल्या सेंटरपेक्षा ऐरोली-घणसोलीतला, पण खेळाडू हाताळलेला फिजिओ परवडतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये ब्रेस लावून उभं राहण्यातच निम्मा व्यायाम संपतो, तर अंधेरीचं काय सांगू.

विद्यापीठाची स्पर्धा यंदा गेली असं धरूनच चालावं लागेल. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूचं दुखापतीत गेलेलं वर्ष हिशेबातून वगळून घेता येतं, ‘मेडिकल रेडशर्ट’ म्हणतात त्याला. आपल्याकडे वयाची अट तशीच राहते आणि वय पुढे सरकत राहतं, त्याला इलाज नाही.

भावाने काल रात्री पुन्हा विचारलं, “दादा, मग तारीख घेऊ का ऑपरेशनची?” मी म्हटलं, आधी जमिनीवर पाय सरळ सोडून बस आणि गुडघ्याखालून हात जातो का बघ. त्याने फोटो पाठवला. दोन बोटं आरामात जातायत, म्हणजे पाय अजून पूर्ण सरळ होत नाही. सोमवारपासून फिजिओ, तारखेचं नंतर बघू.