एक्झिबिशन साउंडबॉक्स: सिलिकॉन गॅस्केट घालून आठ महिने

जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास बसवलेली गॅस्केट (पडद्याच्या कडेची मऊ रिंग) अजून काढावी लागलेली नाही. यंत्र म्हणजे एचएमव्हीचा कर्ण्याचा ग्रामोफोन. साउंडबॉक्स, म्हणजे पिनेची थरथर पडद्यावर घेऊन आवाज काढणारी गोल डबी, एक्झिबिशन या मॉडेलचा; पडदा मूळचा अभ्रकाचा. वापर रोज चार-पाच रेकॉर्डी. निकाल आधीच सांगतो: सिलिकॉन पास, पडद्याच्या स्क्रूवर लावलेलं नुसतं मेण मे महिन्यात नापास.

जुना साउंडबॉक्स उघडला की आत रबर नसतंच, खडू असतो. दगड झालेल्या त्या रबरात पडदा जखडून बसतो, म्हणून आवाज पत्र्यासारखा येतो आणि सूर चढला की फाटतो. बरेच जण सायकलची वॉल ट्यूब घालतात. मापाला जवळ आणि स्वस्त, पण तेही रबरच, पुन्हा कडक होणार. मासे पाळण्याच्या टाकीची नळी 6 मिमीची, ती घातली तर मागची प्लेटच बसत नाही. हवी ती बाहेरून साधारण 3 मिमीची, चिमटीत सहज चपटी होणारी पातळ सिलिकॉन नळी.

रिंगा दोन, पडद्याच्या पुढे एक आणि मागे एक. लांबी गणिताने काढू नका. खोबणीत बसवून, नव्या ब्लेडने सरळ कापा. टोकं टेकली पाहिजेत, एकमेकांवर चढता कामा नयेत, आणि दोन्ही रिंगांचे सांधे एकाच जागी येऊ देऊ नका. मागचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे फिरवा. नळी जेमतेम दबली की हात थांबवायचा. इथेच बहुतेकांचं बिघडतं, कारण घट्ट म्हणजे पक्कं ही सवय जात नाही.

खरी कसोटी दांडीची. पिन जिच्यात अडकते त्या दांडीचं वरचं टोक पडद्याच्या भोकावर आपोआप येऊन टेकलं पाहिजे. ते पडद्याला ढकलत किंवा ओढत असेल तर दांडी पडद्याला जोडणारा मधला स्क्रू पिळून जुळवू नका. पडदा कायम ताणात राहतो, कधी तडकतोही. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगचे स्क्रू पाव-पाव आटा फिरवून दांडी मध्यावर आणा. मग मधला स्क्रू, आणि त्यावर दोन्हीकडून टाचणीच्या डोक्याएवढं मधमाशीचं मेण.

हे मेण वितळतं 62 ते 64 अंशांना, पण चाळिशीच्या आसपासच मऊ पडतं. सोलापूरचा मे आणि वर पत्र्याचं छत, मग काय होणार? थेंब ओघळला नाही, नुसता सैल झाला, आणि रेकॉर्डीतल्या गायिकेच्या तानेला मागून बारीक झिन्न यायला लागलं. ओळखायची युक्ती सोपी: यंत्र बंद ठेवून पिनेच्या टोकावरून बोट हळूच घासा. कर्ण्यातून कोरडी खरखर आली तर ठीक, तिच्यामागे झणझण असेल तर मेण सुटलंय. तापवलेल्या दाभणाने जुना थेंब काढला (दाभण अभ्रकाला लागता कामा नये) आणि मेणात चिमूटभर राळ मिसळून पुन्हा लावला. जूनपासून तक्रार नाही.

साउंडबॉक्स यंत्राच्या हाताला (टोनआर्मला) जोडणारं मागचं जाड रबरही त्याच वेळी बदला, नाहीतर त्या हाताची खडखड आवाजात उतरते. बाजारात जुनं म्हणून मिळणाऱ्या नव्या पितळी कर्ण्यांच्या यंत्रांवर मात्र एवढी मेहनत करू नका; त्यांच्या साउंडबॉक्सची दांडीच ढिली असते.

रेकॉर्डीच्या दर बाजूला पिन नवी, यात काटकसर नाही. पाच रेकॉर्डी दोन्ही बाजूंनी म्हणजे रोज दहा पिना. 200 ची डबी वीस दिवसांत संपते. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त पैसे त्यातच गेले.