स्टेजबॉक्सचा आयपी: हाताने द्यायचा की आपोआप घेऊ द्यायचा?

कोपरखैरण्याचा एक साउंडवाला मित्र अडला होता. नवा डिजिटल मिक्सर, दोन दान्ते स्टेजबॉक्स (स्टेजवरचे माइक जोडायचे डबे; दान्ते म्हणजे नेटवर्कच्या केबलवरून आवाज नेणारी पद्धत), एक लॅपटॉप. आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा प्रत्येक उपकरणाचा पत्ता, स्टॅटिक (हाताने दिलेला, कायमचा) ठेवू की ऑटो (आपोआप मिळणारा)?

आधी वेळ बघ. वाशीच्या भावे नाट्यगृहात दुपारचं नाटक उतरून संध्याकाळचा ऑर्केस्ट्रा लावायचा असेल, तर ऑटोच. राउटर असेल तर तो डीएचसीपीने, म्हणजे त्याच्यातल्या आपोआप पत्ते द्यायच्या सोयीने, पत्ते वाटतो. नसेल तर दान्तेची उपकरणं स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतात. लॅपटॉपही ऑटोवरच हवा, नाहीतर त्याला काहीच दिसणार नाही. पत्ता बदलला तरी दान्तेचं पॅचिंग (कुठला आवाज कुठे जायचा ती जोडणी) तुटत नाही, ते उपकरणाच्या नावावर चालतं. म्हणून नावं मात्र जीव लावून द्या.

स्टॅटिकला मेहनत जास्त आणि चुकीला माफी नाही. एकदा भाड्याने आणलेल्या स्टेजबॉक्सवर १९२.१६८.१.२० होता, आमच्यावरही तोच. कधी हा दिसे, कधी तो. साउंडचेकचा अर्धा तास त्यातच गेला. तेव्हापासून प्रत्येक बॉक्सच्या पाठीवर पांढऱ्या टेपवर मार्करने पत्ता लिहितो.

पण टॅबलेटवरून मिक्सर चालवायचा असेल तर मिक्सरचा पत्ता कायम असलेला बरा, दर शोला शोधाशोध नको. खर्च? दोन्हीकडे शून्य.

तर रोज नवा हॉल, भाड्याचं सामान असेल तर ऑटो. ठाण्यातल्या एखाद्या सभागृहात कायमची बसवलेली सिस्टीम असेल तर स्टॅटिक, आणि पत्त्यांची यादी रॅकच्या दारावर आतून चिकटवलेली.