मसाला शेंगदाणे: आवरण किती, दाणा किती

फरसाणाच्या दुकानात ‘मसाला शेंगदाणे’ मागितले की दोनपैकी एक गोष्ट पुड्यात पडते. एक तर बेसनाचं आवरण घालून तळलेले, किंवा साल काढून तळलेले आणि वरून तिखट-मीठ चोळलेले. नाव एकच, पण परीक्षा वेगळी.

बेसनवाल्यांचं आधी बघू, कारण लबाडी तिथेच जास्त. एक दाणा सुरीने आडवा कापा. आवरण नखाएवढं पातळ आणि आतला दाणा फिकट सोनेरी असेल तर माल चांगला. दाणा पांढरट आणि चावताना कच्चट लागला, तर तेल फार तापलेलं होतं: बेसन पटकन लाल झालं आणि आत उष्णता पोचायच्या आत घाणा बाहेर काढला. आवरण दाण्याइतकंच जाड असेल तर तुम्ही शेव खाताय, शेंगदाण्याच्या भावाने. पाकिटावर हे न कापताही कळतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. शेंगदाणे पहिले हवेत आणि टक्केवारी दिली असेल तर ती साठच्या वर असलेली बरी.

आता तिखट. गडद लाल रंग म्हणजे झणझणीत, हा समज सोडा. ब्याडगी मिरची रंगाला जोरदार, तिखटाला सौम्य. संकेश्वरी किंवा गुंटूर घातली की रंग कमी पण ठसका खरा. पाकिटावरच्या घटकांत काही क्रमांक दिसतात, ते मिसळलेल्या रंग-चवीच्या पदार्थांचे कोड असतात. १६०सी दिसलं तर रंगाला मिरचीचा अर्क आहे. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड; त्याची आंबट चव जिभेला लगेच लागते आणि झटक्यात जाते. आमचूर असेल तर आंबटपणा सावकाश येतो, थोडा रेंगाळतो. आमचं मत आमचूरच्या बाजूने. ६२७ आणि ६३१ ही जोडी चव चढवायला असते. हात थांबत नाही त्याचं निम्मं श्रेय तिचं.

चोळलेल्या दाण्यांत कस लागतो तो तिखट घालण्याच्या वेळेचा. दाणे कढईतून काढल्याकाढल्या मिरचीपूड टाकली तर ती करपते, घशात कडवट धूर लागतो. पार निवल्यावर टाकली तर चिकटत नाही, सगळा मसाला पुड्याच्या तळाशी. हाताला सोसेल इतके गरम असताना तिखट, मिक्सरमधून बारीक केलेलं मीठ आणि चिमूटभर काळं मीठ घालून घोळवलं की बसतं. जाडं मीठ घसरतं, म्हणून एक दाणा अळणी आणि एक खारट.

घरी बेसनवाले करायचे तर पाव किलो दाण्यांना १०० ग्रॅम बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, दोन चमचे तिखट, हिंग, ओवा, मीठ. दाणे आधी ओलसर करून घ्या, मग पीठ भुरभुरत घोळवा आणि पाणी शिंपडतच घाला. ओतलं की गोळे झालेच. सोडा अगदी चिमूटभर, जास्त झाला की आवरण तेल पितं. मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं, दाणे सुटे सुटे सोडून. तांदळाचं पीठ वगळू नका, कुरकुरीतपणा त्याचाच.

सुटे घेताना मूठभर दाणे टिपकागदावर ठेवा. तेलाचा मोठा डाग पडला तर ते कमी तापलेल्या तेलात तळलेत. आणि वास घ्या, मसाल्याचा नाही, दाण्याचा: एक दाणा फोडून. जुन्या रंगासारखा वास आला तर खवट आहेत; तिखट मसाला नेमका हाच दोष झाकतो. दुकानाच्या काचेच्या बरणीवर ऊन येत असेल तर तिथला माल नकोच.

तोंड भाजलं तर पाणी पिऊन उपयोग नाही, मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही. ताक किंवा दूध घ्या. चकण्याच्या बशीत मीठ जरा जास्तच का असतं, हे मात्र बारवाल्यालाच विचारावं.

फोडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस छान राहतं. दाणे सादळले तर मंद आचेवर चार मिनिटं परता आणि पूर्ण निवेपर्यंत चाखू नका, गरम असताना ते मऊच लागतात. खवट झालेल्यांना मात्र इलाज नाही.