तिसरीचा घरचा अभ्याससंच: 42 पानं, एक पिन आणि तीन आठवडे

शाळेच्या छताचं काम निघालं आणि शाळा तीन आठवडे बंद झाली. शेवटच्या दिवशी बाईंनी मुलांच्या हातात एकेक संच ठेवला. तिसरीतल्या नातीला 42 पानांचा, पहिलीतल्या नातवाला 24 पानांचा. मुलगा आणि सून दिवसभर कामावर, त्यामुळे दोन्ही संच माझ्या गळ्यात पडले. मी 34 वर्षं छापखान्यात काढली, आधी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवले, मग ऑफसेट छपाई. शिकवण्यातलं मला फारसं कळत नाही. पण छापलेलं पान हातात आलं की ते कुठे फसलंय हे बोटांना कळतं. हा अभिप्राय त्या बोटांचा समजा.

सुरुवात पिनेपासूनच करतो. 21 कागद, पाठपोट छपाई, आणि सगळ्यांना धरायला कोपऱ्यात एक पिन. दुसऱ्याच दिवशी वरचे तीन कागद सुटले, चौथ्या दिवशी पान 7 सोफ्याखाली सापडलं. शेवटी मी पिन काढूनच टाकली. कागद सुटे झालेच होते, तर नातीला म्हटलं, यातले 16 मोजून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव. आकडा आला 80. तिला म्हटलं, म्हणजे हा 80 जीएसएमचा कागद. तिला वाटलं आबा काहीतरी जादू करतायत. जादू एवढीच, की ए-फोर आकाराचे 16 कागद शेजारी शेजारी मांडले की एक चौरस मीटर भरतो, आणि जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. म्हणजे एक कागद 5 ग्रॅमचा. मग 21 कागदांचा संच किती? तिने बोटं मोजत 105 सांगितलं, सगळे काट्यावर ठेवले, 106 आलं. वरचा एक ग्रॅम शाईचा की काट्याचा, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. मग तिने चित्रकलेच्या वहीचा कागद, जुनं कॅलेंडर, लग्नाची पत्रिका, घरातला जो कागद दिसेल तो तोलला. यातलं काहीच संचात नव्हतं, पण संचावर केलं म्हणून इथे नोंदवतो.

मग कडेपासून बोटभर आत टोच्याने पाच भोकं पाडली आणि सुई-दोरा तिच्या हातात दिला. वरून खाली, खालून वर असं शेवटच्या भोकापर्यंत जायचं आणि तसंच उलट यायचं, म्हणजे मधल्या रिकाम्या जागा भरून निघतात. नीट जमलं तर दोऱ्याची दोन्ही टोकं पहिल्या भोकाशी वरच्या बाजूला भेटतात. मध्ये एक भोक सुटलं तर शेवटचं टोक पाठीमागून निघतं. तिचं पहिल्यांदा पाठीमागून निघालं. मी काही बोललो नाही. तिने स्वतःच उसवलं आणि पुन्हा शिवलं.

तेव्हा माझ्या डोक्यात संचाची पारख पक्की झाली. ज्या पानावर आपलं चुकलंय हे पोरीला पानच सांगतं, ते पान चांगलं. जिथे ‘आबा, बरोबर आहे का?’ विचारायला यावं लागतं, त्या पानावर दुपार फुकट जाते आणि वर भांडण होतं. या कसोटीला 42 पैकी जेमतेम 11 पानं उतरली. पण ती 11 खरंच उत्तम आहेत.

त्यातलं पहिलं पान 24. दोऱ्याला खोडरबर बांधायचं, टेबलाच्या कडेला टांगायचं आणि झोके मोजायचे. दोरा 25 सेंटीमीटर असेल तर जाऊन-येऊन एका झोक्याला साधारण एक सेकंद लागतो, एक मीटर असेल तर दोन सेकंद. सगळ्यांना वाटतं चौपट दोऱ्याला चौपट वेळ लागेल, पण लागतो दुप्पट. दहा झोके मोजायचे म्हणजे घड्याळ दाबताना बोटाची होणारी घाईगडबड दहा झोक्यांत विभागली जाते, हेही पानावर लिहिलंय. लिहिणाऱ्याने आधी स्वतः करून पाहिलेलं दिसतं. नातीला खात्री होती की जड वस्तू लवकर झुलेल. तिने रबर सोडून कपाटाची किल्ली बांधली, वेळ तोच. मग दोन किल्ल्या. मग माझा चष्मा मागितला, तो मी दिला नाही. एक सूचना मात्र राहून गेली आहे: दोरा गाठीपर्यंत मोजायचा नसतो, वस्तूच्या मध्यापर्यंत मोजायचा. आमचे पहिले आकडे त्यामुळेच थोडे पुढे गेले.

पान 27 सावलीचं. अंगणात किंवा गच्चीवर काठी उभी करायची आणि दर अर्ध्या तासाला सावलीच्या टोकाला खडूची खूण करायची. कल्पना छान, पण खाली ठळक अक्षरात छापलंय, ‘दुपारी 12 वाजता सावली सर्वांत लहान असते’. आमच्या काठीची सावली बारा वाजून गेल्यावरही आखूड होतच राहिली. पोर रडवेली झाली, म्हणाली माझी काठी वाकडी आहे. काठी सरळ होती. घड्याळातले बारा अख्ख्या मोठ्या प्रदेशासाठी एकच ठरवलेले असतात. सूर्य मात्र तासाला 15 अंश सरकत एकेका गावाच्या माथ्यावर आपल्या वेळेने येतो, आणि वर्षभरात ती वेळही थोडी मागेपुढे होते. म्हणजे तिची खूण बरोबर आणि छापील ओळ चूक. तिला हे पटायला एक दिवस लागला. पटल्यावर तिने लाल पेनाने छापील 12 वर काट मारली. 34 वर्षांत मला इतका आनंद कुठल्या मुद्रितशोधकाने दिला नव्हता.

आता पान 31, म्हणजे घडीचं पुस्तक. ए-फोर कागदाचे घड्या घालून आठ भाग पाडायचे, मध्ये चीर द्यायची आणि उभं करून दाबलं की आठ पानांची इवलीशी पुस्तिका तयार. पानाचा आकार साधारण 74 बाय 105 मिलिमीटर, खिशात मावणारा. माझ्या धंद्यातली गोष्ट, त्यामुळे मी बाह्या सरसावून बसलो. आणि इथेच संचाने दगा दिला. कात्रीची तुटक रेघ कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत छापलेली. त्याप्रमाणे कापलं की पुस्तक होत नाही, हातात दोन पट्ट्या येतात. नातवाने कापलं, दोन पट्ट्या आल्या आणि त्याने भोकाड पसरलं. दुसऱ्या कागदावर मी रेघ नीट आखून दिली, मग जमलं. त्याच्या पुस्तकात आठही पानांवर एकच मांजर आहे. आठव्या पानावर ती मोठी झाली आहे, असं तो सांगतो.

पुस्तक झाल्यावर मला राहवेना. एक मोठा कागद घेऊन तीन घड्या घातल्या आणि नातीला म्हटलं, न कापता, कोपरे उचलून आत डोकावत 1 ते 16 आकडे घाल. मग उलगड. उलगडल्यावर आकडे विस्कटलेले, अर्धे उलटे. हाच आमचा 16 पानी फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडायची 16 पानं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘एकाच्या शेजारी सोळा, चारच्या शेजारी तेरा, आठाच्या शेजारी नऊ... आबा, सगळे सतराच!’ मग तिने एका बाजूचे आठही आकडे मिळवले, 68 आले. दुसऱ्या बाजूचेही 68. मी इतकी वर्षं फर्मे लावले, शेजारच्या पानांची बेरीज सतरा हे पाठ होतं, पण दोन्ही बाजूंची बेरीज सारखी येते हे कधी मोजून पाहिलं नव्हतं.

घड्यांचा विषय निघालाच होता, तर एक कागद किती वेळा दुमडता येतो हेही पाहिलं. संचात तो प्रश्न कोपऱ्यात, ‘गंमत’ म्हणून एका ओळीत टाकलाय, त्याला खरं तर अख्खं पान हवं होतं. सहा घड्यांत 64 थर होतात. थर साधारण एक दशांश मिलिमीटरचा, म्हणजे सहा मिलिमीटरांच्या वर जाडी, आणि सातव्या घडीला आमची बोटं हरली. 2002 साली ब्रिटनी गॅलिव्हन या अमेरिकेतल्या शाळकरी मुलीने सुमारे 1.2 किलोमीटर लांबीचा कागद 12 वेळा दुमडून दाखवला, हे नातीला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न: ‘तो कागद तिने आधी मोजला कसा?’

बाकीच्या 31 पानांबद्दल थोडक्यात. मूळ पानं रंगीत असणार, त्यांची झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. पान 12 विचारतं, एकूण फुग्यांपैकी लाल किती? सगळे फुगे करडे. नातीने लिहिलं, ‘शून्य’. चूक म्हणता येणार नाही. पान 18 वर दोन क्यूआर कोड होते, त्यातला एकही वाचला जाईना. खरं तर सर्वांत जास्त दुरुस्तीची सोय ठेवून बनवलेला क्यूआर कोड 30 टक्क्यांपर्यंत खराब झाला तरी वाचता येतो. पण त्याच्या चारही बाजूंना चार बारीक चौकोनांएवढी कोरी जागा सोडावी लागते. इथे सजावटीची चौकट थेट कोडला भिडवलेली. वेलबुट्टीपायी व्हिडिओ गेला.

संख्या अक्षरांत लिहायचं पान सरळ कंटाळवाणं होतं, पण त्यातून एक प्रश्न निघाला. 59 ला ती एकोणसत्तर लिहीत होती. तिला सांगितलं, एकोण म्हणजे एक उणा, साठाला एक उणा तो एकोणसाठ. मग 69, 79, 89 धडाधड जमले. 99 ला थांबली. ‘आबा, मग हे एकोणशंभर का नाही?’ नव्व्याण्णव असंच म्हणतात, यापलीकडे मला काही सांगता आलं नाही.

निबंधाच्या पानावर चूक माझी झाली. दहा ओळी लिहायच्या होत्या. तिने मनापासून लिहिल्या आणि मी जुन्या सवयीने समासात ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा करत सुटलो. तिने वही मिटली, त्या दिवशी पुन्हा उघडली नाही. संचात ‘पालकांनी तपासावे’ एवढंच लिहिलंय. ‘आधी वाचून काय आवडलं ते सांगावे’ एवढी एक ओळ असती, तर एक संध्याकाळ वाचली असती.

पहिलीच्या संचाचा प्रकार वेगळाच. ज्याला अजून जोडाक्षर वाचता येत नाही, त्याच्यासाठी ‘दिलेल्या चित्रांचे निरीक्षण करून योग्य वर्गीकरण करा’. ही ओळ त्याने वाचायची की मी? अक्षरं गिरवायच्या पानावर ठिपके झेरॉक्सच्या शाईत बुडून सलग रेघा झालेल्या, आणि अक्षर कुठून सुरू करायचं याचा बाण एकाही अक्षराला नाही. नातू ‘क’ खालून वर काढायला शिकला. आता ते मोडायला महिना जाईल.

सोबत वेळापत्रकही होतं: रोज चार तास, मधली सुट्टी धरून, शाळेसारखं. आम्ही ते दीड दिवस पाळलं. पुढे नात दीड तास मन लावून बसायची, नातू अर्धा तास, आणि तेवढं पुरलं. घरून शिकवण्याचा प्रकार काही नवा नाही. 1937 मध्ये शिकागोत पोलिओच्या साथीमुळे शाळा बंद ठेवल्या होत्या, तेव्हा धडे रेडिओवरून दिले आणि त्यांचं वेळापत्रक वर्तमानपत्रांत छापलं. तिथल्या कुठल्या तरी छापखान्यात माझ्यासारख्याच कोणीतरी ते जुळवलं असणार. वाचनाच्या तक्त्यात रोज वीस मिनिटांसमोर पालकांची सही हवी होती. 15 चौकोन. नातीने सगळ्या तारखा पहिल्याच दिवशी भरून ठेवल्या आणि शेवटच्या दिवशी माझ्याकडून एकदम सह्या घेतल्या. मी केल्या. वाचन रोज झालं होतं, फक्त वीस मिनिटं कोणी मोजली नव्हती.

गुण द्यायचे तर तिसरीच्या संचाला पाचपैकी तीन, पहिलीच्याला दीड. झोक्याचं, सावलीचं आणि घडीचं पान ज्यांनी लिहिलं त्यांनी पुढचा संच अख्खा लिहावा. आणि तो पुन्हा छापायला जाईल तेव्हा हे शुद्धिपत्र सोबत पाठवावं: पान 12, ‘लाल’ ऐवजी ‘ठिपक्यांचे’ वाचावे, आणि फुग्यांना ठिपके काढावे. पान 18, क्यूआर कोडभोवतीची चौकट गाळावी. पान 24, दोरा वस्तूच्या मध्यापर्यंत मोजावा. पान 27, ठळक ओळ काढून टाकावी, मुलांनाच शोधू द्यावं. पान 31, कात्रीची रेघ कडेपर्यंत नको. कागदाच्या लांबीतली मधली 148 मिलिमीटर तेवढीच, दोन्ही बाजूंना 74-74 सोडून. पिनेऐवजी दोरा.