साडेदहाचा बर्फ: एप्रिलमधलं मॅमथ

नवऱ्यानं मला स्की शिकवायला घेतलं ती आमच्या संसारातली सगळ्यात मोठी चूक. पाच वर्षं झाली त्याला. तो विद्यार्थी असल्यापासून उतारांवर जातोय, मी सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा बूट अडकवले. त्यामुळे कुठल्याही स्की रिसॉर्टला आमचा दिवस ठरलेला: तो वर काळ्या चौकटीच्या, म्हणजे अवघड उतारांवर, मी खाली हिरव्या वर्तुळाच्या सोप्या उतारांवर, आणि जेवायला भेटलो की दोघांचे चेहरे पडलेले. त्याला वाटायचं हिच्यासाठी लवकर खाली यावं लागलं, मला वाटायचं हा माझ्यावर उपकार करतोय.

यंदा लेक कॉलेजला गेली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघंच एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटनला तीन दिवस राहून आलो. तिथे पहिल्यांदाच आमचं जमलं, आणि त्याचं श्रेय आमच्या समजूतदारपणाला नाही, बर्फाला आहे.

आमच्या लॉस एंजेलिसहून साधारण 300 मैल, पाच तास धरा. मोहावेचं वाळवंट ओलांडून 395 नंबरचा हायवे लागला की डाव्या हाताला सिएरा नेवाडाची भिंत सुरू होते. लोन पाइनला थांबून माउंट व्हिटनी बघून घ्या, 14,505 फूट, अलास्का सोडून देशातलं सर्वांत उंच शिखर. खाली हाफ पँटमधली माणसं आईस्क्रीम खातात आणि वर पांढरं शुभ्र. एप्रिल आहे म्हणून टायरला लावायच्या साखळ्या घरी ठेवू नका. या दिवसांतही बर्फ पडतो आणि पाट्या लागल्या की साखळ्या गाडीत असाव्याच लागतात, फोर व्हील ड्राइव्ह असली तरी. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने येणाऱ्यांनो, सिएरा ओलांडणाऱ्या टायोगा पास या घाटाच्या भरवशावर निघू नका, तो तेव्हा बंद असतो.

आता मुद्द्याचं. पहिल्या दिवशी हौसेने डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्ट सुरू व्हायच्या आधी रांगेत उभे राहिलो. चूक. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं, त्यामुळे सकाळचा उतार म्हणजे नुसती फरशी. स्कीच्या कडा घासल्या की सुकं खोबरं किसल्यासारखा आवाज येतो. दुसऱ्याच वळणाला मी पडले ती थेट कोपरावर, आणि पडून थांबले नाही, तशीच वीस-पंचवीस फूट घसरत गेले. नवरा वरून ओरडतोय, "अगं, कड लाव, कड!" मी काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीने ग्रुप लेसन घेतला. सीझन सरत आलेला, आम्ही तिघेच विद्यार्थी. शिकवणारे आजोबा सत्तरीचे असावेत. त्यांनी आधी आम्हाला उन्हात बसवून ठेवलं. सव्वादहाला उठले, खाली वाकून हातमोज्यात मूठभर बर्फ घेतला, चुरगळला आणि म्हणाले, आता चला. मी पण बर्फ हातात घेऊन पाहिला. भिजवलेला साबुदाणा! दाणा दाणा सुटा, बाहेरून ओला, आतून टणक, उन्हात चमकणारा. ह्याला कॉर्न स्नो म्हणतात. रोज वितळून रोज गोठल्यामुळे बर्फाचे बारीक स्फटिक एकमेकांना चिकटून गोल, जाड दाणे होतात, आणि वरचा इंच-दीड इंच थर सैल झाला की स्की त्यात अलगद बसते. वळण घ्यायचं मनात आलं की घेतलं जातं. डिस्कव्हरी लिफ्टच्या सोप्या उतारावर तीन फेऱ्या झाल्या आणि माझ्या लक्षात आलं की मी गुडघ्यांकडे बघायचं विसरलेय.

पण हे सुख साधारण एक-दीडपर्यंतच. उन्हाकडे तोंड असलेले उतार आधी मऊ होतात, सावलीतले नंतर, म्हणून पूर्वेकडून सुरुवात करून सूर्याच्या मागे मागे जायचं. दुपारनंतर सगळ्याचा गिचका होतो. स्की मध्येच धरल्यासारखी अडकते, आपण पुढे, पाय मागे. गुडघ्यांची दुखणी तेव्हाच होतात. आजोबांनी बजावलं होतं, आणि नवऱ्याने ते ऐकलं नाही. दोनच्या सुमाराला पडला, बर्फ मऊ म्हणून निभावलं, नंतर गुमान खाली आला.

म्हणजे बर्फच तीन तासांचं वेळापत्रक हातात देतो. कितीही चांगलं येत असलं तरी साडेदहाआधी मजा नाही आणि दीडनंतर अर्थ नाही. मग तो काही माझ्यासाठी थांबतोय असं होत नाही, दोघंही बर्फासाठी थांबतो. सकाळी निवांत चहा, दुपारी पायथ्याच्या मुख्य इमारतीबाहेर, म्हणजे मेन लॉजबाहेर, उन्हात पाय पसरून गप्पा. लेकीच्या जन्मानंतर आम्ही दोघं इतका वेळ काही न करता बसलोच नव्हतो.

तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि पॅनोरामा गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, माथ्यापर्यंत सुरू झाला. वाऱ्यामुळे तो बऱ्याचदा बंद असतो, तेव्हा उघडा दिसला की बाकी सगळं सोडून आधी वर जा. 11,053 फूट. समोर मिनरेट्सचे सुळके, करवतीच्या दात्यांसारखे. स्की न करणाऱ्यांनाही वेगळं तिकीट काढून जाता येतं. नवरा कॉर्निसच्या कड्यावरून खाली गेला. मी रोड रनर धरला, वरून उतरायचा सर्वांत सोपा रस्ता, लांबलचक वळसा घालणारा. सोपा म्हणजे वरून उतरायच्या मानाने सोपा. दोनदा थांबून श्वास घेतला, पण पडले नाही.

खाली गोंडोलाच्या मधल्या थांब्यावर, मॅकॉय स्टेशनला भेटलो. हे नाव डेव्ह मॅकॉय यांचं. लॉस एंजेलिसच्या पाणी खात्यात बर्फ आणि पाणी मोजायची नोकरी करता करता त्यांना या डोंगरावर सगळ्यात जास्त बर्फ साचतो हे कळलं. पहिली खुर्चीची लिफ्ट 1955 साली लागली. 2020 मध्ये ते गेले तेव्हा 104 वर्षांचे होते. पूर्व सिएराचं हे पाणी 1913 पासून कालव्याने आमच्या शहरात येतंय. ज्यावर मी आपटले तेच जूनमध्ये नळाला येणार, असं नवरा म्हणाला. विनोद बरा होता.

डोंगर ज्वालामुखीचा आहे आणि अजून पूर्ण थंड नाही. लिफ्टवरून जाताना एके ठिकाणी सडक्या अंड्यासारखा वास येतो, तिथे बर्फाखाली वायूची विवरं आहेत. भोवती कुंपण आहे. 2006 च्या एप्रिलमध्ये अशाच विवरापाशी स्कीच्या गस्ती पथकातले तिघे मरण पावले होते. कुंपणाच्या दोऱ्या शोभेच्या नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

राहायची जागा निवडताना आमचं चुकलं. गावातल्या 'द व्हिलेज' नावाच्या भागातून कॅन्यन लॉज या दुसऱ्या पायथ्याला गोंडोला जातो म्हणून तिथे फ्लॅट घेतला, पण वसंतात खालचे भाग आधी बंद होतात आणि शेवटी मेन लॉजच चालू राहतं. आम्ही रोज लाल मार्गाची फुकट बस धरली. बस छान, पण ते बूट घालून पायऱ्या चढणं नाही. शिवाय फ्लॅटच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलेला गरम पाण्याचा टब "सीझन संपला" म्हणून झाकून ठेवलेला. पैसे मात्र सीझनचे. फ्लॅटवाल्याला तीन मेसेज केले, एकाचंही उत्तर नाही.

तिकीट खिडकीवर काढू नका, आधी ऑनलाइन स्वस्त पडतं. आयकॉन पास (अनेक स्की रिसॉर्टना चालणारा सीझनचा पास) असेल तर तो चालतो. सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीखालीही लावा, ऊन बर्फावरून वर येतं. मेन लॉज सुमारे 9,000 फुटांवर आहे, पहिल्या संध्याकाळी वाइन उघडलीत तर डोकं तुमचं. आम्ही उघडली.

बर्फाचं प्रमाण दरवर्षी वेगळं. 2022-23 मध्ये मेन लॉजला 715 इंच पडला आणि लिफ्ट ऑगस्टपर्यंत चालल्या. यंदा एवढा नव्हता, खालच्या उतारांवर माती दिसत होती. वरती भरपूर.

सगळ्यात मोठा त्रास मात्र भाड्याच्या बुटांचा. गावातल्या एका दुकानात पोरानं पाय मोजलाच नाही, विचारलं आणि दिला, एक नंबर मोठा. सैल बूट म्हणजे आराम असं मलाही वाटलं, वर दोन जोड मोजे चढवले. नडगी प्रत्येक वळणाला बुटावर आपटायची. लेसनमध्ये आजोबांनी बक्कल उघडून आत बोट घातलं, ते सरळ टाचेपर्यंत गेलं. पायाची बोटं पुढे जेमतेम टेकतील आणि टाच हलणार नाही असा बूट हवा, आणि मोजा एकच, पातळ. दुपारी जाऊन बदलून आणला. नडगीवरचा निळा डाग मे महिन्यातही होता. परत आल्यावर स्वतःचे बूट विकत घेतले, साडेतेवीस नंबर (स्कीच्या बुटांचा नंबर पायाच्या लांबीवर, सेंटीमीटरमध्ये असतो).