रक्तदान शिबिर: गणपतीत एकच मोठं, की वर्षात चार लहान?

मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला की पारडं मोठ्या शिबिराकडेच झुकतं. ते साहजिक आहे. गणपतीत मांडव उभा असतो, कार्यकर्ते हाताशी असतात, पहिल्यांदा रक्त देणारी पोरं मित्रांबरोबर सहज येतात. लहान शिबिरांना दर वेळी हॉल, रक्तपेढीची तारीख, घरोघरी फोन असा खटाटोप.

पण रक्तपेढीच्या फ्रीजचा हिशेब बघा. तांबड्या पेशींची पिशवी फार तर 42 दिवस टिकते, प्लेटलेट्स जेमतेम 5 दिवस. गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन साधारण 55 दिवस. म्हणजे चतुर्थीची पिशवी दिवाळीआधीच बाद, आणि नेमकी दिवाळीत टंचाई. मे महिन्यात मुंबईकर गावी गेले की पुन्हा तेच. थॅलेसीमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना कसली सुट्टी! त्यात एकाच दिवशी 240 जणांनी रक्त दिलं, तर पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 120 दिवस पुन्हा देता येत नाही. मध्येच गरज पडली तर हाक कुणाला मारायची? साठ-साठ जणांचे चार गट केले, तर कुणी ना कुणी मोकळं असतंच.

गर्दीचा धोका मला जास्त मोठा वाटतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीसाठी प्रत्येक पिशवी तपासतात, पण संसर्ग अगदी ताजा असेल तर तो चाचणीतूनही निसटू शकतो. तिथे अर्जातल्या प्रश्नांना दात्याने दिलेलं खरं उत्तरच रुग्णाला वाचवतं. आमच्या शिबिरात एक मुलगा अर्जातल्या एका प्रश्नावर थबकला, मागे उभ्या मित्रांकडे पाहिलं आणि भराभर सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळा झाला. त्याच्या मनात काय होतं कोण जाणे, पण दोन वाक्यं बोलायला आडोसा आम्हीच दिला नव्हता. साठ जणांत डॉक्टर प्रत्येकाशी पडद्याआड बोलू शकतात.

म्हणून माझं मत चार लहान शिबिरांना: फेब्रुवारी, मे, गणपती आणि दिवाळीच्या तोंडावर. शेवटच्या दोघांत 90 दिवस होत नाहीत, तेव्हा दाते वेगळे ठेवा. एकच जमणार असेल तर मेमध्ये घ्या. आधी रक्तपेढीला विचारा, किती पिशव्या हव्यात? तेवढ्यावर नोंदणी थांबवा आणि उरलेल्यांची नावं रक्तगटासह वहीत लिहून ठेवा.